हुरडा मूठभर, तोंडीलावणं पाटीभर

जानेवारीतला रविवार असो की २६ तारखेचं झेंडावंदन आटोपून मिळालेली सुट्टी, देवळाली प्रवराच्या शिवारात शहरी नंबरप्लेटच्या गाड्या बांधाच्या कडेनं लागायला लागल्या की ओळखावं, कुणाच्या तरी रानात आगटी पेटली आहे. गाडीतून उतरणारा प्रत्येक जण 'हुरडा खायला आलोय' असंच सांगतो. संध्याकाळी त्याच्या पोटाचा पंचनामा केला तर हुरडा ओंजळभरही निघायचा नाही. उरलेल्या जागेत शेंगदाण्याची चटणी, दही, गोडीशेव, रेवड्या, बोरं, पेरू, हरभऱ्याचा हुळा आणि उसाची कांडकी सापडतील. त्या सगळ्यावर 'आता जेवायला बसा' म्हणून वाढलेलं पिठलं-भाकरी आणि वांग्याचं भरीत असतंच. निमंत्रण एकाचं आणि पंगत दुसऱ्यांची, असा हा प्रकार आहे.

देवळाली प्रवरा हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्याचं गाव. नगरपरिषद असली तरी वेशीबाहेर पाऊल टाकलं की रान सुरू. पाहुण्यांना पत्ता सांगताना 'प्रवरा' दोनदा सांगावं लागतं, कारण नकाशात नुसतं 'देवळाली' टाकून निघालेला माणूस नाशिकजवळच्या देवळालीत पोचायचा. तिथं लष्कराचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या धुराचा वास घेत जवळ जाऊ नये. बरोबर पत्ता असलेला पाहुणा नगर-मनमाड रस्त्यानं येतो. या रस्त्याची ख्याती अशी की नगरला खाल्लेली मिसळ राहुरी फॅक्टरी येईपर्यंत पार जिरलेली असते. यजमानाच्या पोटात गोळा येतो तो इथंच. भुकेला पाहुणा आणि हुरडा यांचं आजवर कधी जमलेलं नाही.

न जमण्याचं कारण हुरड्याच्या चालीत आहे. रब्बी ज्वारीचं कणीस दुधात असताना कामाचं नसतं आणि दाणा टणक झाला की खेळ खलास. मधले थोडे दिवस दाणा हिरवट, मऊ आणि गोड असतो. पुढं त्यातल्या साखरेचं पिष्ट होत जातं आणि दाणा भाकरीच्या वाटेला लागतो. हे दिवस साधून कणसं खुडायची. हातभर खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची आणि धूर ओसरून नुसता आर राहिला की कणसं फुफाट्यात खुपसायची. भाजायला बसलेला माणूस बहुधा घरातला आबा किंवा तात्या असतो. एरवी त्याला कुणी फारसं विचारत नाही, पण त्या दिवशी त्याच्या हुकमाशिवाय एक कणीस जागचं हलत नाही. "आजून हिरवं हाय, ठेव ते." "काढ आता, काढ." "जाळलंस ना रं!" एवढ्या तीन वाक्यांवर त्याचा दिवस जातो.

मग भाजलेलं कणीस तळहातावर घेऊन गरम असतानाच चोळायचं. थंड झालं की दाणा बोंडाला धरून बसतो. हात भाजतात, काळे होतात, कूस टोचते. दाणे सुपात पडतात, ते पाखडायचे आणि उरलासुरला कोंडा फुंकर मारून उडवायचा. एवढं झाल्यावर ताटलीत एक मूठ हुरडा येतो आणि त्या मुठीभोवती बारा माणसं बसलेली असतात. पहिली मूठ काळ्या आईला, दुसरी लेकरांना, तिसरी जावयाला. बाकीचे नऊ जण आगटीकडे बघत बसतात. शिष्टाचार म्हणून "वा, काय वास सुटलाय" असं अधूनमधून म्हणत राहतात.

या मधल्या वेळात तोंडीलावण्यानं राज्य स्थापन केलं. एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत पाहुण्याच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. चटणीची चिमूट, शेवेची चिमूट, एक बोर, परत चटणी. हुरडा येतो तेव्हा पाहुणा अर्धा भरलेला असतो आणि "नको नको, तुम्ही घ्या आधी" हे त्यानं केवळ सौजन्यानं म्हटलेलं नसतं.

आता चटणी. यजमानाची अब्रू असते ती इथं. हुरडा चांगला निघाला तर श्रेय जमिनीचं, थंडीचं, बियाण्याचं. वाईट निघाला तर हवामानाला दोष देता येतो. चटणीला मात्र कर्ता असतो, आणि बहुतेक वेळा कर्ती. म्हणून "हुरडा कसा लागला?" असं कुणी पाहुण्याला डोळ्यात डोळे घालून विचारत नाही. "चटणी कशी झालीय?" हे मात्र तीन वेगवेगळ्या जणींकडून तीनदा विचारलं जातं आणि तीनही वेळा एकच उत्तर देऊन चालत नाही, कारण तिघींनी वेगवेगळ्या केलेल्या असतात.

थोरल्या वहिनी आदल्या संध्याकाळीच उखळापाशी बसतात. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजलेले, पण डाग न पडलेले. लसूण सालीसकट, कारण सोललेला लसूण चटणीत लगेच लिबलिबीत होतो असं त्यांचं म्हणणं. जिरं, जाडं मीठ आणि लाल तिखट. दाणा चेचला जाऊन त्याला तेल सुटलं पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. चिमटीत धरली की चटणी गोळा व्हावी, सोडली की मोकळी व्हावी. मिक्सरमधून काढलेली पहिल्याच चिमटीला उघडी पडते, कारण मिक्सरचं पातं दाण्याची पूड करतं, चेचणं त्याला येत नाही. धाकट्या वहिनींनी मिक्सरच वापरलेला असतो. तो वापरला हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यांची वाटी आधी संपते हेही सगळे बघतात, कारण तिच्यात तिखट कमी असतं. थोरल्या वहिनी हा निकाल मान्य करत नाहीत.

शेंगदाण्याच्या मागं तिळाची, जवसाची आणि कारळ्याची चटणी रांगेनं बसते. कारळ्याची काळीकुट्ट दिसते, म्हणून शहरातली मुलं तिला हात लावत नाहीत आणि म्हाताऱ्यांना तीच हवी असते. न भांडता झालेली घरातली एवढी एकच वाटणी. जवसाच्या चटणीला अलीकडं मान मिळू लागलाय. ती पूर्वी शेवटी उरायची. मग डॉक्टर मंडळी जवसातल्या ओमेगा-३ बद्दल बोलू लागली आणि आता पुण्याचा पाहुणा आधी जवस कुठं आहे ते विचारतो. वाटी मात्र शेंगदाण्याचीच पुढं ओढतो.

हिरव्या मिरचीच्या ठेच्याचं प्रकरण वेगळं. तो कमी वाढतात आणि त्याच्यावर नजर ठेवतात. नवा जावई हमखास विचारतो, "तिखट आहे का?" त्यावर सगळे मिळून "नाही हो दाजी, अजिबात नाही" म्हणतात. पुढच्या मिनिटाला दाजींना पाणी हवं असतं आणि आबा आगटीवरून मान न वळवता सांगतात, "पाणी नगा देऊ. दही द्या." हुरड्यावर पाणी पिऊ नये, ताक प्यावं, असं जुनी माणसं सांगत आलीत. हुरड्याच्या बाबतीत त्याचं शास्त्र काय ते पोटाला माहीत. पण ठेच्याच्या बाबतीत आबा शंभर टक्के बरोबर असतात. मिरचीतला जाळ ज्या कॅप्सायसिनमुळं होतो, ते पाण्यात विरघळत नाही. पाणी प्यायलं की जाळ तोंडभर पसरतो. दह्या-दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून खाली नेतं. आबांना केसीन माहीत नाही, दाजींना माहीत आहे, आणि घाम दाजींनाच आलेला असतो.

या सगळ्या वाट्यांचं मूळ शोधत गेलं तर बरेच धागे चार पावलांवरच्या राहुरीला जाऊन पोचतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्राच्या जिभेचा बारकाईनं विचार केलेला दिसतो. त्यांनी ज्वारीच्या भाकरीसाठी वाण काढले हे ठीक, तो कर्तव्याचा भाग. पण खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' काढले. दाणा गोड हवा आणि चोळल्यावर बोंडातून सहज सुटायला हवा, हा त्यामागचा विचार. लाह्यांसाठी 'फुले पंचमी' आणि पापडांसाठी 'फुले रोहिणी'. एका ज्वारीची इतकी हौस पुरवणारं खातं सरकारी असेल यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही.

बरं, ज्वारीवर थांबले का? हुळ्याच्या हरभऱ्यात 'विजय', 'दिग्विजय', 'विशाल' ही नावं तिथलीच. निवडणुकीला उभं केल्यासारखी वाटतात, पण ते हरभरे आहेत. लसणात 'गोदावरी' आणि 'श्वेता'. मिरचीत 'फुले ज्योती', शिवाय 'मुसळवाडी', आणि मुसळवाडी तर याच तालुक्यातलं गाव. दह्याकडे वळावं तर गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून घडवलेली 'फुले त्रिवेणी' गाय तिथं उभी. विद्यापीठात ही मंडळी आपापल्या विभागात, आपापल्या फायलीत राहतात. वर्षातून एकदा एका ताटलीत भेटतात ती आगटीपाशी. चटणी कुटण्याचा विभाग तेवढा कुठल्या विद्यापीठात नाही. तिथं थोरल्या वहिनींना बिनविरोध नेमायला हरकत नव्हती.

जुन्या लोकांना हे सुधारित वाण फारसे रुचत नाहीत. त्यांचा जीव गूळभेंडीवर आणि सुरतीवर. "गूळभेंडीचा हुरडा खाल्ला का कधी? मग काय बोलता!" असं म्हणून ते समोरच्याला गप्प करतात. समोरच्यानं गूळभेंडी खाल्लेली असली तरी तो गप्प बसतो, कारण वाद घालणाऱ्याला पुढची मूठ उशिरा मिळते.

आता एक अडचणीची गोष्ट. देवळाली प्रवराच्या यजमानाला कणसं मिळवणं हेच मुळात सोपं राहिलेलं नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचं पाणी आलं आणि या पट्ट्यानं ज्वारी बाजूला सारून ऊस जवळ केला. १९५० मध्ये लोणीला, पुढं प्रवरानगर म्हणून नाव झालेल्या ठिकाणी, विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या सोबत होते. मग तर बघायलाच नको. बागायतदाराच्या घरी आज ऊस वाटेल तेवढा आहे, आणि ज्वारी असलीच तर हौसेनं बांधाकडेला राखलेल्या चार सऱ्या. हुरड्याच्या दिवशी कणसं मोजून निघतात आणि ऊस ट्रॅक्टरनं येतो. मुख्य पदार्थ मूठभर आणि तोंडीलावणं पाटीभर का, याचं निम्मं उत्तर पाटबंधारे खात्याच्या दप्तरात आहे.

चार सऱ्या पुरेनात तर मग जिरायत पट्ट्यातले नातेवाईक आठवतात. जामखेड, कर्जत, पारनेर इकडची सोयरीक वर्षभर लग्नकार्यापुरती असते. डिसेंबर उलटला की तिला एकदम ओलावा येतो. "मामा, तब्येत कशी आहे?" असा फोन जातो. मामाही पिकलेले असतात. तब्येतीचं सांगून झाल्यावर ते स्वतःच म्हणतात, "दाणा भरतोय अजून. संक्रांतीच्या पुढं या."

चार सऱ्या राखल्या म्हणून त्या आपल्या झाल्या असंही नाही. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोरड्यांचे थवे या बाजूला उतरतात. पोटाकडून गुलाबी, डोक्यानं काळे, आणि हजारोंच्या संख्येनं. ज्वारीच्या रानावर थवा बसला की मधली कणसं बघता बघता पांढरी पडतात. गोफण, डबा वाजवणं, चकाकत्या फिती बांधणं, जमेल ते लोक करतात. भोरड्या किडेही खातात, असं पक्षीमित्र समजावतात, आणि ते खरंही आहे. पण ज्याची कणसं गेली त्याला त्या क्षणी ते ऐकून घेण्याची इच्छा नसते. एक मात्र कबूल करायला हवं. चटणी, दही, शेव यातलं काहीही न मागता नुसता हुरडा खाणारे सबंध जिल्ह्यात एवढेच.

बाकीच्या तोंडीलावण्यांची यादी कुणी केली, याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही. संक्रांतीच्या सुगडात बघावं. ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, ओंबी किंवा ज्वारीचं कणीस आणि तीळगूळ. हुरड्याच्या ताटलीत आणि सुगडात फरक इतकाच की सुगडातलं वाण म्हणून द्यायचं असतं आणि ताटलीतलं शेजाऱ्यानं नेऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं असतं. त्या दिवसांत रानात जे उभं असतं तेच देवापुढं जातं आणि तेच पाहुण्यापुढं. गोडीशेव आणि रेवडी तेवढी बाजारातून आलेली. देवाला त्यांची गरज पडत नाही, पाहुण्यांच्या लेकरांना पडते.

बोरांबद्दल एक शब्द. मोठी, कलमी, चकचकीत बोरं कुणी आणली की ती पाटीत शेवटपर्यंत राहतात. हुरड्याला गावरान आंबटगोड बोर लागतं, ज्यात गरापेक्षा बी मोठी आणि दहातलं एक किडकं. पेरू मात्र जवळच्या राहात्याचा. तिकडचे पेरू प्रसिद्ध आहेत आणि शिर्डीच्या वाटेवर त्यांच्या पाट्या ओळीनं मांडलेल्या दिसतात. पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावायचं काम शाळकरी पोरांकडे देतात. दुसऱ्या फेरीत मीठ दुप्पट होतं आणि मग ते काम परत मोठ्यांकडे येतं.

हुळा हा तर हुरड्याचा उघड प्रतिस्पर्धी. हरभऱ्याचे टहाळ काट्याकुट्यांच्या जाळात धरायचे, घाटे तडतडले की बाहेर काढायचे आणि ओठ काळे करत सोलून खायचे. ना चोळणं, ना पाखडणं. आगटीपाशी रांग वाढली की अनुभवी माणसं गुपचूप हुळ्याच्या जाळाकडे सरकतात. तिथं चुलत्या-पुतण्यांच्या जमिनीपासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत सगळं बोलून होतं आणि घाट्यांची टरफलं पायाशी गुडघाभर साचतात.

महाराष्ट्रात इतरत्र लोकांनी हा मुख्य-दुय्यमाचा तंटा आपापल्या परीनं मिटवलाय. रायगडकडच्या पोपटीत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यासकट एकाच मडक्यात कोंबतात, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात आणि उघडलं की कोण मुख्य, कोण दुय्यम हा प्रश्नच राहत नाही. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या त्याहून पुढं गेलेली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला स्थानिक सुट्टी मिळते, शहरं ओस पडतात आणि सगळे रानात जातात. तिथल्या भज्जीत हिरवे दाणे, पालेभाज्या, फळभाज्या असं जे जे तोंडीलावणं होऊ शकलं असतं ते सगळं एकाच पातेल्यात शिजतं आणि जोडीला मडक्यातली थंडगार आंबील. देश सोडला तरी तोंडीलावणं सुटत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांना ४ जुलैच्या सुट्टीत अंगणात शेगडी पेटवावी लागते. शेजारी कोबीचं कोलस्लॉ, बटाट्याचं सॅलड आणि गोडसर बेक्ड बीन्स घेऊन येतात. मराठी घरातून मक्याच्या भाजलेल्या कणसाला लिंबू-तिखट-मीठ चोळून पुढं केलं जातं आणि भारतातून आलेल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी कडेला ठेवली जाते. 'जरा जपून' असं शेजाऱ्याला सांगायचं राहतं. दही शोधायला तिथंही धावपळ होते.

इकडं हुरड्याचा आता धंदाही झालाय. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्याच्या आधीपासूनच शहरांच्या आसपास हुरडा पार्टीचे फलक लागत होते. फलकावर 'अनलिमिटेड हुरडा' असं मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात बैलगाडीची फेरी, जादूचे प्रयोग, पतंग, झोका, उंटाची सवारी. उंट हे हुरड्याचं तोंडीलावणं केव्हा झालं, हे शोधण्यासारखं आहे. नगरी थंडीत ज्वारीच्या रानाकडेला उभा राहून तो जे तोंड करतो, त्यावरून त्यालाही ते कळलेलं नसावं. 'अनलिमिटेड' मागचं गणित मात्र पक्कं. आधी पोहे आणि चहा, मग रस, मग चटण्या-दही-शेव, आणि मग हुरडा. या क्रमानं गेल्यावर कुणाचीही मर्यादा लवकर येते.

शहरी पाहुण्याबरोबर नवीन पदार्थही आले. हुरड्याची भेळ निघाली. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू घातलेली. ती चांगली लागते, हे आबांनीसुद्धा तोंड वाकडं करत मान्य केलंय. हुरड्याचं थालीपीठ तर घरचंच. पण कुणी तरी पाकिटातून चीज काढून गरम हुरड्यावर किसलं, तेव्हा आबा आगटी सोडून उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. चीज न घालणं हेच बरं, असं इथं नम्रपणे नोंदवायला हवं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हापासून तर काही पाहुण्यांच्या खाण्यात भाषणाची भर पडलीय. ज्वारी ग्लुटेनमुक्त आहे, तिच्यात तंतू आहेत, ती हळूहळू पचते, हे सगळं बरोबर. बोलता बोलता त्यांचा हात गोडीशेवेच्या परातीत असतो, आणि ती पाकात घोळलेली आहे हे त्यांना त्या क्षणी कुणी सांगत नाही. आपल्याकडं जेवताना माणसाचा हिरमोड करत नाहीत.

दुपारी दोनच्या सुमाराला घरातून निरोप येतो, "पानं घेतलीत." इथं नवख्या पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याला वाटलेलं असतं, झालं ते जेवणच होतं. पण हुरडा आणि त्याची पिलावळ हे इथं नुसतं 'तोंड हलवणं' धरलं जातं. जेवण म्हणजे चुलीवरची भाकरी, विस्तवात भाजून काळं पडलेल्या वांग्याचं भरीत, पिठलं, कधी हुलग्याची शेंगोळी, कांदा आणि मघाचाच ठेचा. पाहुणा हात जोडतो. वहिनी म्हणतात, "आवो भाऊ, एवढीशी तर भाकरी हाय." ती भाकरी परातीएवढी असते. पाहुणा बसतो, आणि आश्चर्य असं की खातोही. भरताला कच्च्या तेलाची धार सोडली की बऱ्याच माणसांचे निश्चय ढासळतात. जेवताना तोंडी लावायला पुन्हा चटणी येते. ती थोरल्या वहिनींची असते आणि यावेळी संपते. त्या वाटी उचलताना धाकटीकडे एकदा बघतात.

निघताना पाहुण्याच्या गाडीत दहा-पंधरा कणसं ठेवली जातात. "घरी गॅसवर भाजा," असं सांगतात. गॅसवर कणीस नुसतं करपतं हे देणाऱ्यालाही माहीत असतं. ती कणसं बाल्कनीत वाळतात आणि पाखरं खातात. त्याच पिशवीत दिलेली चटणीची बरणी मात्र बुधवारपर्यंत तळाला लागते आणि 'वहिनी, चटणी एक नंबर' असा संदेश जातो. हुरड्याचा उल्लेख त्यात नसतो.

मग व्हॉट्सअॅपच्या गटावर पुढच्या रविवारची तयारी सुरू होते. दही मामांकडे. गोडीशेव दाजींकडे, पण 'गेल्या वेळसारखी मऊ पडलेली आणू नये'. पेरू राहात्याहून येणाऱ्यानं आणायचे. ताक, लिंबं, कागदी ताटल्या, लेकरांसाठी पतंग, भरताची वांगी. कारळ्याची चटणी कोण करणार यावर रात्री साडेअकरापर्यंत खल चालतो आणि शेवटी ती दोघी करणार असं ठरतं. सकाळी मुंबईचा एक भाचा साधा प्रश्न टाकतो, 'कणसं किती आहेत?' बराच वेळ कुणी काही लिहीत नाही. दुपारी रानातून आबांचा आवाज येतो, कारण ते टाइप करत नाहीत: "कणसं भोरड्यांनी उरकली. पन तुमी या. भरीत हाय, चटनी हाय. आन् दाजींना सांगा, दही जरा जास्त आना."